दहाव्याला घेतलेलं भुताचं नाव

वडिलांना घरात आणि कॉलनीतही सगळे नाना म्हणायचे. सातपूरच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते, नव्वदच्या दशकात निवृत्त झाले. पण कॉलनीत त्यांची ओळख होती ती वेगळ्याच कामामुळे. कुणी गेलं की पहिला निरोप नानांना यायचा. बांबू किती लागतील, सुतळी किती, मडकं कुठे मिळेल, लाकडाचं अमरधामात कुणाला सांगायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. तिरडी ते स्वतः बांधत. खांदेकरी बदलताना ती हलत नसे. या कामाला त्यांचा शब्द होता, पोचवणं. "अमक्याला पोचवून आलो," एवढंच सांगून ते मागच्या दाराने आंघोळीला जात.

मी अंबडला एका इंजिनिअरिंग कारखान्यात कॉस्टिंग बघतो. एका नगाला पोलाद किती, मशीनची मिनिटं किती, वीज किती, हे काढायचं. महिन्याच्या सुरुवातीचा साठा आणि अखेरचा साठा समोर ठेवला की मधे काय घडलं ते मला दिसतं. कारखान्यात माझ्या आकड्याला कुणी हात लावत नाही. त्याचा मला अभिमान होता आणि तोच अभिमान घेऊन मी घरीही वावरत होतो.

निवृत्तीनंतर दहाबारा वर्षांनी नानांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी खांदा द्यायला बंदी केली, जिना चढायलाही बंदी केली. कुणी बोलवायला आलं तर नाना दारातूनच सांगत, "पायाकडची गाठ आधी बांधा," आणि पुन्हा खुर्चीत बसत. त्याच सुमारास माझ्या मुलीने डिप्लोमाला प्रवेश घेतला आणि आम्ही असेंबल केलेला कॉम्प्युटर आणला. इन्व्हर्टरचं कनेक्शन पुढच्या खोलीतच होतं, म्हणून तो तिथे, खिडकीशी ठेवला. खिडकी गल्लीवर उघडते.

मुलीने मैत्रिणीकडून एका खेळाची सीडी आणली होती. तलवार घेतलेला एक वाटसरू जंगलातून, पडक्या गावांतून जातो, राक्षस मारतो, असा खेळ. सुरुवातीच्या भागातच एक मोडकी सराई लागते. तिच्यात टेबलाशी एक मेलेला शिपाई बसलेला असतो, निळसर, अंगातून मागची भिंत दिसणारा, डोक्यावर लोखंडी टोप. पुढे दोन फासे. नाना खुर्चीतून बघत होते.

"हा कोण गं?"

"भूत आहे, नाना."

"भूत आहे ते दिसतंय मला. इथे का बसलंय?"

मुलीने पडद्यावरचं इंग्रजी वाचून सांगितलं. हा शिपाई इथेच फासे खेळता खेळता मेला. आता येणाऱ्याजाणाऱ्याला डावाला बसवतो. लागोपाठ तीन वेळा जो त्याला हरवेल, तो त्याला सोडवेल. मगच सराईमागचा रस्ता उघडतो आणि खेळ पुढे सरकतो.

"म्हणजे याला कुणी पोचवलंच नाही," नाना म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की नाना त्या भुताशी फासे खेळायला लागले. लोडशेडिंगच्या वेळा त्यांनी कॅलेंडरवर लिहून घेतल्या. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर फार वेळ चालत नसे, म्हणून वीज असेल तेव्हाच बसत. राक्षसांत, तलवारीत त्यांना काही रस नव्हता. सराईला ते धर्मशाळा म्हणत. माउस मुठीत धरून, थोडा चोळून मग बटण दाबत. आणि बोलत. खेळात आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, हे मुलीने सांगूनही बोलत.

"गाव कुठलं तुझं? घरी कुणी आहे का नाही?" मग फासे पडत. "टाक आता तू. घाबरतोस काय, मेलेला माणूस."

खिडकी उघडी असली की हे गल्लीत ऐकू जायचं. शेजारी एक गृहस्थ राहत, नानांबरोबर वर्षानुवर्षं खांदा दिलेले, मूळचे दिंडोरीकडचे. ते दूध आणायला जाताना खिडकीशी थांबत.

"काय नाना, आज कोन जिंकलं? भूत का मानूस?"

"तो लय हुशार आहे," नाना त्यांच्याच बोलीत उत्तर देत. "पण वळवतो त्याला."

"वळवा, वळवा. मी बांबू आणून ठेवतो."

गल्लीतले दोघेतिघे हसत. नानाही हसत. मला मात्र मान वर करता यायची नाही. जुगाराचा पत्ताही ज्या घरात कधी आला नाही, दिवाळीत शेजाऱ्यांकडे तीनपत्ती चालते म्हणून मी मुलीला तिथे पाठवत नसे, त्या घरात सत्तरी ओलांडलेले वडील भरदुपारी फासे टाकतात, तेही भुताशी. मी सुट्टीच्या दिवशी उठून खिडकी लावून घ्यायचो. थोड्या वेळाने उकडतं म्हणून आई पुन्हा उघडायची.

एकदा आमचे वर्क्स मॅनेजर मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आले. नाना पाठमोरे बसले होते. त्यांना पाहुणे आल्याचं कळलंच नाही. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "अरे, असा रुसून बसू नकोस. मी आहे ना इथे." साहेबांनी चहा घेतला, पत्रिका दिली. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "वडिलांचं बरं आहे ना?" बरं म्हणजे काय, ते मला कळलं. मी म्हणालो, "वयोमानाप्रमाणे." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नानांना समजवायला बसलो. मला हे एकाच रीतीने करता येतं. मी म्हणालो, "नाना, दोन फासे तुमचे, दोन त्याचे. तुमची बेरीज जास्त आली तर तुम्ही जिंकणार. पण दोघांची सारखी आली तर त्याची जीत धरतात. म्हणजे शंभरात चव्वेचाळीस वेळा तुम्ही, छप्पन वेळा तो. असा खेळ खेळून काय उपयोग? कधीतरी हरणारच."

"बरोबरी त्याची असू दे," नाना म्हणाले. "जागा त्याची आहे." मग म्हणाले, "तू बस की एकदा. बघ तरी."

मी म्हणालो, मला कामं आहेत. होतीच कामं.

संध्याकाळी मी अंबडहून येई, तेव्हा पडद्यावर तीच सराई, तेच टेबल आणि तेच भूत टोप घालून बसलेलं असे. नाना थकलेले दिसत. काल होतं तसंच आज आहे, म्हणजे आजही त्यांना जमलेलं नाही, असं मी धरून चाललो. सुरुवातीचा साठा एक भूत, अखेरचा साठा एक भूत. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारावं असं त्यात काही आहे, असं मला वाटलंच नाही.

त्याच वर्षी थंडीत नाना गेले. सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते. तिरडी शेजारच्या त्या गृहस्थांनी बांधली. कोपऱ्यावर वळताना पायाकडची बाजू सैल पडली आणि आम्हाला थांबून ती पुन्हा आवळावी लागली.

दहाव्याला रामकुंडावर बरेच लोक आले. नानांनी ज्यांच्या घरचं माणूस पोचवलं होतं, असे जवळजवळ सगळे आले होते. माझ्या कारखान्यातले सातआठ जण आले होते, वर्क्स मॅनेजरसुद्धा. सटाण्याहून धाकटी बहीण आली होती. पिंड ठेवले, आणि आम्ही मागे सरलो.

कावळे होते. भिंतीवर होते, तारेवर होते. पण येत नव्हते. एक कावळा पिंडापाशी उतरला, तिरक्या नजरेने बघून पुन्हा उडाला. आमच्याकडे असं झालं की गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय, असं धरतात. एकेक जण पुढे होऊन, हात जोडून, त्याची जी इच्छा राहिली असेल ती पुरी करण्याचा शब्द देतो.

मी म्हणालो, "नाना, आईची काळजी करू नका." कावळा हलला नाही.

बहीण म्हणाली, "नाना, दिवाळीला मला येता आलं नाही. रागावलात का?" आणि रडायला लागली.

शेजारी पुढे आले. "नाना, गाठ माझी सैल पडली, ते खरंय. हात थरथरला. पन आता लोकांना ताटकळवू नका, या."

कुणीतरी हसू दाबलं. ऊन चढत होतं. मागे आणखी तीन घरची माणसं पिंड घेऊन थांबली होती. गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, "दर्भाचा कावळा करून घेऊ का? शास्त्राला चालतो तो."

"नको," बहीण म्हणाली. "दर्भाचा नको. नानांनी जन्मभर दुसऱ्यांचं केलं. त्यांचं असं अर्ध्यावर उरकायचं नाही. दादा, तुझ्याजवळ राहत होते ना ते? तुला माहीत असेल. काय राहिलं त्यांचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला माहीत होतं. नानांचं काय राहिलं असेल याचा विचार मी पहिल्या मिनिटापासून करत होतो आणि प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे तो निळा शिपाई येत होता. पण ते बोलायचं कसं? साहेब हात जोडून उभे होते. मी पुटपुटलो.

"मोठ्याने, दादा," बहीण म्हणाली. "त्यांना ऐकू जाऊ दे."

मग मी मोठ्याने म्हणालो, "नाना, तुमचं ते कॉम्प्युटरवरचं भूत राहिलंय. धर्मशाळेतलं. तीन डाव जिंकून मी त्याला पोचवतो."

मागे कुणीतरी "कसलं भूत?" असं विचारलं आणि कुणीतरी त्याला सांगायला लागलं. माझे कान तापले होते. मी पायांकडे बघत उभा होतो. तेवढ्यात बहिणीने माझा दंड धरला. भिंतीवरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि त्याने चोच घातली. त्याच्यामागून आणखी चार आले.

शेजाऱ्यांनी डोळे पुसले. गुरुजीसुद्धा म्हणाले, "नेमकं सांगितलंत." साहेबांनी निघताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मुलालाच कळतं." आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि त्यानंतर काही दिवस मिळाला इतका मानही कधी मिळाला नव्हता.

शब्द सगळ्यांदेखत दिलेला, त्यामुळे सगळ्यांनाच त्याची काळजी. तेरावा झाला आणि मी कामावर गेलो, तर कँटीनमध्ये पहिला प्रश्न, "सुटलं का हो भूत?" गल्लीत दूधवाला विचारायचा. बहीण सटाण्याहून एक दिवसाआड फोन करायची. "दादा, झालं का? मला झोप लागत नाही रे. नाना तिथे कुठेतरी थांबलेत असं वाटतं." पहिल्या फोनला मी काम आहे म्हणालो, दुसऱ्याला लाज वाटते असं खरं सांगितलं. ती म्हणाली, "लाज माझ्यासाठी सोड."

एका रविवारी दुपारी मी मुलीला कॉम्प्युटर लावायला सांगितला.

"बाबा, खरंच खेळणार?"

"शब्द दिलाय."

ती काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. तिने सराई उघडून दिली आणि बाजूला स्टूल घेऊन बसली. म्हणाली, "इथे सेव्ह करून ठेवलं तर हरल्यावर परत मागे येता येतं."

"नको. लबाडी नको."

मी खिडकी लावली आणि बसलो. भूत दर डावाआधी काहीतरी बोलायचं. इंग्रजीत दोनचार ओळी यायच्या. त्याने फाशांत काही फरक पडत नव्हता, म्हणून मी बटण दाबून त्या ओळी पुढे ढकलत होतो. त्या रविवारी जमलं नाही. एकदा दोन जिंकून तिसऱ्याला बरोबरी झाली. सोमवारी कामावरून आल्यावर पुन्हा बसलो. थोड्याच वेळात दोन डाव लागोपाठ मिळाले आणि तिसऱ्याला माझे नऊ पडले, त्याचे पाच.

भूत उठलं. त्याने डोक्यावरचा टोप काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे, म्हणजे वाटसरूकडे बघून मान लववली आणि ते भिंतीतून पलीकडे गेलं. खुर्ची रिकामी राहिली. मी मुलीकडे बघितलं. तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही.

"असंच उठतो तो," ती म्हणाली. "टोप काढून ठेवतो आधी."

"तुला काय माहीत?"

"नाना रोज उठवायचे की त्याला."

मला कळेना. "उठवायचे म्हणजे?"

"जिंकायचे. कधी दिवसातून दोनदा."

"मग मी यायचो तेव्हा तो बसलेला कसा असायचा?"

"ते मला पुन्हा मागचं उघडायला लावायचे. म्हणायचे, हा गेला, आता दुसरा आला असेल, लाव. नंतर मी नसले तरी त्यांचं त्यांना जमायचं."

"अगं, पण तो एकच आहे."

"सांगितलं मी. तर म्हणाले, टोप सारखा असतो म्हणून तुला तसं वाटतं. शिपाई आहेत ते, सगळ्यांचा टोप सारखाच."

मी माउस सोडून तिच्याकडे वळलो. मग विचारलं, "घाटावर का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, बाबा. मला वाटलं, नानांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल. आणि लगेच कावळा आला."

मी हिशेब केला. न करता राहवलं नाही. एका डावाला शंभरात चव्वेचाळीस हे मी नानांना ऐकवलं होतं, पण लागोपाठ तीनचा हिशेब मी तेव्हा केलाच नव्हता. तो अकराबारा प्रयत्नांत एकदा असा येतो. नाना सगळा पावसाळा आणि दिवाळीच्या पुढेपर्यंत रोज दोनदोन तास खेळत होते. त्यांना एकदाही जमलं नसेल, हे कुठल्याच गणितात बसत नाही. कागदाला पेन्सिल लावली असती तर हे मला ते जिवंत असतानाच कळलं असतं. किंवा एका दुपारी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो असतो, तरी कळलं असतं. ते एकाच भुतापाशी अडलेले नव्हते. त्यांचा रोजचा उद्योग चालू होता, खांदा न लागणारा.

म्हणजे नानांचं हे राहिलेलंच नव्हतं. दीडशे माणसांसमोर, गोदावरीच्या काठावर, मी त्यांच्या नावाने एक इच्छा सांगितली आणि ती त्यांची नव्हती. त्यांचं दुसरं काही राहिलं होतं का, ते मला माहीत नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं.

"जिंकायचे ना," ती म्हणाली. "जिंकले की मला हाक मारून सांगायचे. तुला माहीत नव्हतं?"

"मग कावळा कसा शिवला?"

"भूक लागली असेल," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

तेवढ्यात फोन वाजला. बहीणच होती. तिने नेहमीचंच विचारलं, "सुटला का रे, दादा?"

मी आकड्यांचा माणूस आहे. खोटं बोलायचं नाही, हे मी पाळतो. मी म्हणालो, "सुटला. आत्ताच. टोप काढून ठेवला आणि गेला."

मग ती म्हणाली, "नाना सुटले रे. आता सुटले." ती रडत होती, पण घाटावर रडली तशी नाही. तिने मागे वळून नवऱ्याला ओरडून सांगितलं, आणि तिच्या सासूबाईंचा "बरं झालं गं बाई" असा आवाज मला ऐकू आला. पुढचं मी सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं. मी ते बोललो नाही, आणि ती झोपते म्हणून फोन ठेवून मोकळी झाली.

आता याला सहासात वर्षं झाली. पितृपक्षात नानांचं पान वाढतो त्या दिवशी बहीण येते, सोबत दरवर्षी कुणी ना कुणी नवीन असतं. कधी जाऊ, कधी नणंदेचा जावई. पंगत बसली की ती गोष्ट सांगते. कावळा येत नव्हता, साहेबलोक उभे होते, आणि दादाने लाज सोडून भुताचं नाव घेतलं. "आम्हा कुणालाच सुचलं नाही," ती म्हणते. "नानांच्या मनातलं दादाला बरोबर कळायचं." पाहुणे माझ्याकडे आदराने बघतात. आई म्हणते, त्याला वाढा, त्याचं पान रिकामं झालंय. मी मान खाली घालून जेवतो. मुलीचं आता लग्न झालंय. त्या दिवशी ती आलेली असली तर समोरच बसते, आणि बहीण बोलत असते तेवढा वेळ माझ्याकडे बघत नाही.